गाढवं हाकलून गोचीड जात नाही

हलका धान निसवायला लागला आहे, तुडतुड्यावर लिहा म्हणून चार-पाच जणांचे फोन आले. ते दोन दिवसांनी लिहीन. आज गोचिडावर लिहितो. परवाच्या ग्रामसभेत मी एकटाच उलटा बोललो आणि तेव्हापासून पानठेल्यावर माझं नाव "गाढवाचा वकील" पडलं आहे. वकील तर वकील. निदान खटला तरी पुरा ऐका.

झालं असं. पोळा फुटल्यापासून तीन आठवड्यांत आमच्या गावात पाच संकरित गाई पडल्या. त्यातल्या दोन मेल्या. एक गाय तर अशा घरची होती की त्या दुधावरच पोरीच्या कॉलेजचा खर्च चालत होता. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं, थायलेरिया निघाला. आता हा रोग गोचिडातून येतो हे सगळ्यांना माहीत आहे. मग गोचीड कुठून आले? कोणीतरी म्हणालं, भट्टीवरच्या गाढवांच्या अंगावर लदबद गोचीड होते. झालं, निकाल लागला. दिवाळीनंतर वीटभट्टी लागते तेव्हा गाढववाल्यांना शिवेत उतरू द्यायचं नाही, आणि गावात लग्नाची घोडी ठेवणारा जो एक माणूस आहे त्याने घोडी आखरावर आणायची नाही, असा ठराव मांडला.

मी उभा राहून एकच विचारलं, "गाढवं गावातून गेली कधी?"

सगळे चूप. भट्टी पावसाच्या आधी बंद होते. मृगाचा पहिला पाऊस पडायच्या आधीच ते लोक बिऱ्हाड घेऊन गेले होते. गाई पडल्या भादव्यात. मधे तीन महिने गावात एक गाढव नव्हतं.

त्यावर एक जण म्हणाला, "पण भाऊ, ते गेले तं गेले, गोचीड तं टाकून गेले ना!"

हा प्रश्न खरा आहे, मी त्याला नाव ठेवत नाही. पण त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही आणि सभेत कोणी तिसरं वाक्य ऐकत नाही. म्हणून इथं लिहितो.

आपल्या ढोरांवर मुख्य दोन जातीचे गोचीड असतात. एक राखाडी-निळसर, रक्त पिऊन टम्म झाला की एरंडाच्या बीसारखा दिसतो. हा जन्मभर एकाच ढोराच्या अंगावर राहतो, पोट भरलं की गळतो. दुसरा तांबूस-काळपट, पायावर पट्टे असलेला. याला शास्त्रज्ञ ह्यालोमा म्हणतात. थायलेरिया पसरवणारा हा. हा अंगावर कमी आणि भिंतीत जास्त राहतो. बारीक पिल्लू असताना गाईवर चढतो, रक्त पितो, गळतो. मग कोठ्याच्या फटीत जाऊन कात टाकतो आणि मोठा होऊन पुन्हा चढतो, त्याच गाईवर नाही तर दुसऱ्या. मादीचं पोट भरलं की ती फटीत जाऊन हजारांच्या हिशोबाने अंडी घालते आणि मरते. उपाशी गोचीड महिनोन् महिने दम धरून बसतो.

आता नीट वाचा. पिल्लूपणी ज्या गाईचं रक्त प्याला तिच्या रक्तात थायलेरिया असेल, तर मोठेपणी तो गोचीड पुढच्या गाईत रोग सोडतो. पण मादीच्या अंड्यात हा रोग उतरत नाही. म्हणजे गाढवाच्या अंगावरून गळलेली मादी आपल्या आखरावर अंडी घालून गेली असं धरलं, तरी त्या अंड्यांतून निघालेली पिल्लं या रोगापुरती कोरी. त्यांना रोग मिळणार तो इथल्याच गाईच्या रक्तातून. गाढवाच्या अंगात गाईचा थायलेरिया राहतच नाही. मग रोग कुणाच्या गाईत होता? तुमच्या. माझ्या. जी गाय मागच्या साली आजारी पडून बरी झाली, तिच्या रक्तात तो जंतू अजून बसलेला असतो, गाय मात्र दूध देते, रवंथ करते, ठणठणीत दिसते. आपलं गावरान ढोर तर कित्येकदा आजारी न पडताच तो जंतू अंगात बाळगतं. झाडीपट्टीतला गावरान गोऱ्हा चिखलणीत दिवसभर ओढतो आणि त्याला काही होत नाही. त्याच्याच बाजूला बांधलेली जर्सी मरते.

आणि पोळ्याच्या दिवशी आपले सगळे बैल एका तोरणाखाली अंगाला अंग लावून उभे होते, हे कसं विसरलो आपण? त्यांच्या झुलीखाली कुणी पाहिलं होतं?

मी हे कोणाला शहाणपण शिकवायला सांगत नाही. सहा वर्षांआधी मी स्वतः हेच केलं होतं. माझी दुसऱ्या वेताची संकरित गाय होती, दोन्ही वेळचं मिळून बारा-तेरा लिटर दूध. श्रावणात एक दिवस तिनं ढेप टाकली. अंग तापलेलं. मी गावातल्याच एका इंजेक्शनवाल्याकडून तापाचं इंजेक्शन मारून घेतलं. ताप उतरला, संध्याकाळी पुन्हा चढला. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी गाईच्या खांद्यासमोर हात घातला आणि माझा हात धरून तिथं ठेवला. कातडीखाली लिंबाएवढी गाठ होती. म्हणाले, "ही गाठ पहिल्या दिवशी हाताला लागली असती." डोळ्याची पापणी उलटून दाखवली, आतून पांढरीफटक, थोडी पिवळी. श्वास भात्यासारखा चालला होता. बुपारव्हाकोन नावाचं औषध आहे या रोगावर, ते दिलं. पण ते औषध रोगाच्या सुरुवातीला काम करतं, रक्त नासल्यावर नाही. सहाव्या दिवशी गाय गेली.

मग मी काय केलं? दोन महिने रस्त्यानं जाणाऱ्या मेंढपाळांना शिव्या दिल्या. त्यांच्या सामानाच्या तट्टांना शिव्या दिल्या. पुढच्या उन्हाळ्यात कोठ्याची भिंत पडायला आली म्हणून पाडायला घेतली. मातीची भिंत, वर कवेलू. गव्हाणीच्या मागचा थर निघाला आणि आतून जे बाहेर आलं ते पाहून घरची ओरडली. पोळीच्या तव्याएवढ्या जागेत गोचिडाच्या टरफलांचा, अंड्यांचा आणि जित्या गोचिडांचा असा खच होता की सुपात भरावा. अंडी तपकिरी, चकचकीत, मोहरीहून बारीक, एकमेकांना चिकटून. त्या भिंतीला लागूनच माझी गाय बांधलेली असायची. मेंढपाळाचं तट्टू तिथं कधी आलं होतं?

तज्ज्ञ लोक सांगतात की कोणत्याही वेळी अंगावर दिसणारे गोचीड म्हणजे एकूणातला छोटा हिस्सा, बाकी सारे जमिनीत, भिंतीत, गवतात. मी ते आधी वाचलं होतं. भिंत पाडल्यावर पटलं.

आता दुसरी बाजू. गाढवाच्या आणि घोड्याच्या अंगावर गोचीड असतात का? असतात. तो पट्टेदार पायाचा ह्यालोमा गाईवर बसतो तसाच घोड्यावर, गाढवावर बसतो. कानाच्या आत, शेपटीखाली, आयाळाच्या मुळाशी, मागच्या पायांच्या मधे. ही जनावरं गावोगाव फिरतात म्हणून गोचीड एका शिवेतून दुसऱ्या शिवेत जातो, हेही खरं. मी नाही म्हणत नाही. पण गावोगाव फिरणारं तेवढंच आहे का? बाजारातून आणलेली गाय येते. शंकरपटात पळवायला नेलेली जोडी चार तालुक्यांचं पाणी पिऊन येते. लेकीच्या सासरहून गोऱ्हा येतो. कुत्रा तर पासपोर्टाशिवाय फिरतो. यांच्यासाठी कोणी ठराव मांडला नाही, कारण हे आपले. गाढववाला आपला नाही. सभेत त्याच्या बाजूनं बोलायला त्याचं मत नाही इथं, आणि तो तेव्हा हजरही नव्हता. जो हजर नाही त्याच्यावर आरोप करणं सोपं असतं.

आणि गोचिडाचा मार घोडा-गाढवालाही बसतो, हे तर कोणाच्या गावीच नाही. त्यांचाही थायलेरिया वेगळा आहे, त्याला थायलेरिया इक्वाय म्हणतात. बबेसियाही वेगळा आहे, बबेसिया कॅबली. या रोगात घोड्याला ताप येतो, डोळे-हिरड्या फिक्या नाही तर पिवळ्या पडतात, लघवी गडद होते, पाय सुजतात, जनावर खंगत जातं. जगलं तर थायलेरिया इक्वाय बहुतेक जन्मभर रक्तात राहतो. मालकाला वाटतं घोडी म्हातारी झाली, गाढव आळशी झालं. काठी जास्त बसते. गाढवाचा रोग गाईला होत नाही, गाईचा गाढवाला होत नाही, पण गोचीड दोघांचा एकच. तुमची गाय त्याच्या गाढवाला गोचीड देते तशी त्याचं गाढव तुमच्या गाईला. बदनामी मात्र गाढवाची.

एक घोळ अजून सोडवून टाकतो. गावात प्रत्येक तापाला "गोचीडताप" म्हणायची सवय पडली आहे. सर्रा नावाचा रोग घोड्याला, उंटाला, म्हशीला होतो, तो डासणाऱ्या मोठ्या माशीमुळे पसरतो. गोचिडाचा त्यात हात नाही. ढोराची लघवी कॉफीसारखी लाल झाली तर तो गाईचा बबेसिया. तो राखाडी गोचिडातून येतो, आणि हा रोग मात्र अंड्यातून पिल्लात उतरतो. २०१८ ला आपल्या विदर्भात माणसांना स्क्रब टायफस झाला तेव्हा लोक त्यालाही गोचीड म्हणत होते. तो झाडाझुडपातल्या बारीक चिगर किड्याच्या चाव्यानं होतो. रोग वेगळा तं औषध वेगळं. थायलेरियाच्या गाईला बबेसियाचं इंजेक्शन मारून उपयोग नाही. म्हणून म्हणतो, अंदाजानं सुई मारण्याआधी रक्ताची काच तपासून घ्या. कानाच्या शिरेतून एक थेंब लागतो.

हे झालं गावकऱ्यांसाठी. आता थोडं तज्ज्ञ मंडळींना आणि खात्याला. राग मानू नका, हे पान तुम्हीही वाचता म्हणून लिहितो.

गोचीड निर्मूलनाचं शिबिर होतं तेव्हा कोणती ढोरं येतात? गाई, म्हशी, बैल. फार तर शेळ्या. मी एकदा शिबिरात विचारलं होतं, "घोडी आणू का?" तर उत्तर आलं, "ती आपल्या यादीत नाही." कोण म्हणालं ते सांगत नाही, तो बिचारा खालचा माणूस होता, यादी त्यानं केली नव्हती. पण गोचीड यादी वाचून चावतो का? ज्या गावात दोनशे ढोरं फवारली आणि वीस गाढवं, एक घोडी आणि पन्नास कुत्री सोडली, त्या गावात तुम्ही गोचीड संपवला नाही, त्याला राहायला जागा राखून दिली. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात गाढवं सव्वा लाखाच्या आत निघाली. २०१२ ला ती तीन लाखांवर होती. म्हणजे सात वर्षांत शंभरातली एकसष्ट गेली. घोडे-तट्टूही शंभरातले पंचेचाळीस घटले. जनावर कमी झालं म्हणून डॉक्टरही त्याला विसरले आणि मालकही गरीब, म्हणून कोणी विचारत नाही. हिसारला घोड्या-गाढवांसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संशोधन संस्था आहे, आपल्या नागपूरला १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्या आहे हो. ती भट्टीपर्यंत पोचत नाही.

ही विद्या न पोचल्याचं फळ मी डोळ्यानं पाहिलं आहे, आणि त्यात माझाच हात होता. हे लिहावं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला.

माझी गाय मेल्यानंतर मी गोचिडाच्या मागे हात धुऊन लागलो होतो. अमिट्राझचं औषध आणून गाई-बैलांवर फवारत होतो, गुण चांगला येत होता. घोडीवाला माझ्याकडे आला. लग्नसराई तोंडावर, घोडीच्या शेपटीखाली आणि कानात गोचीड भरलेले. म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडचं ते औषध थोडं द्या ना जी." मी अर्धी बाटली दिली. किती पाण्यात किती टाकायचं तेही सांगितलं, गाईच्या हिशोबानं. त्यानं घोडीला चांगली न्हाऊ घातली. गोचीड गळाले. दुसऱ्या दिवसापासून घोडीनं लीद टाकली नाही. पोट फुगलं, ती खाली पडून लोळायला लागली, स्वतःच्या कुशीकडे वळून पाहायची. त्यानं हिंग दिलं, तेल पाजलं, कोणी मंत्र मारला. तिसऱ्या दिवशी घोडी मेली. लोक म्हणाले नजर लागली, देखणी होती.

काही महिन्यांनी नवी बाटली आणली. खोक्यातला कागद पोरानं वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, घोड्यांवर वापरू नये. नंतर डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं की अमिट्राझनं घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते, लीद आत अडकते, पोटशूळ उठतो. गाईला जे अमृत ते घोडीला विष. तो कागद माझ्याकडे पहिल्या बाटलीसोबतही आला असेल. मी खोकं फेकून दिलं होतं.

हे मी घोडीवाल्याला कधी सांगितलं नव्हतं. ग्रामसभेत त्याच्या नव्या घोडीवर ठराव येताना तो मागे दाराजवळ उभा होता, हात बांधून. रात्रभर मला झोप आली नाही. सकाळी त्याच्या घरी गेलो आणि सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग विचारलं, "गाईले चालते ते?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मंग बाटलीवर घोड्याचं चित्र काढून फुली कायले मारत नाहीत? मले वाचता नाही येत."

याचं उत्तर औषध बनवणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी आणि शिफारस करणाऱ्यांनी द्यावं. माझ्याकडे नाही. दुकानात गोचिडाचं औषध मागितलं की कोणी विचारतं का, कोणत्या जनावरासाठी? दुधाळ आहे का? गाभण आहे का? दुधाच्या गाईला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सर्रास मारतात आणि तेच दूध डेअरीत घालतात. हेही एकदा मोकळेपणानं बोललं पाहिजे.

आता औषध लागू पडत नाही म्हणून जे रडतात त्यांच्यासाठी. डेल्टामेथ्रीनला आणि सायपरमेथ्रीनला न जुमानणारे गोचीड आपल्या देशात बऱ्याच राज्यांत सापडले आहेत. ते असे कसे झाले? आपण केले. बाटली पुरवायची म्हणून औषध पातळ करायचं, पाठीवर दोन फवारे मारायचे, कान-काख-सड-शेपटी सोडून द्यायची, भिंतीकडे पाहायचं नाही, आणि पुढचा फवारा गोचीड पुन्हा दिसल्यावर मारायचा. कमी डोसात जो जगला त्याचीच अवलाद वाढते. तुडतुड्याबाबत हेच झालं ना? एकच औषध दर हंगामात मारून मारून आपण तुडतुडा पैलवान केला. गोचीडही त्याच तालमीत तयार होतो आहे.

आणि प्रत्येक जण आपल्या सोयीनं वेगवेगळ्या दिवशी फवारतो. आज मी फवारलं, माझी गाय उद्या आखरावर तुमच्या न फवारलेल्या गाईजवळ उभी. आठ दिवसांत बरोबरी.

अमेरिकेत हाच रोग, म्हणजे लाल लघवीचा, दक्षिणेकडच्या राज्यांत ढोरं मारत होता. तिथंही आधी लोक हवेला, चाऱ्याला, परगावच्या कळपांना दोष देत होते. १८९३ साली स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी दाखवून दिलं की रोग गोचीड नेतो. किडा रोग पसरवतो हे जगात पक्क्या पुराव्यानं दाखवायचा तो पहिल्यांपैकी एक प्रसंग, आणि तो आपल्या गोचिडावर. १९०६ ला सरकारनं मोहीम काढली. गावोगाव औषधाचे हौद बांधले आणि दर चौदा दिवसांनी ढोरं त्यातून पोहवत काढली. नुसत्या गाई नाही, घोडे आणि खेचरंसुद्धा. शेतकरी इतके चिडले की काही ठिकाणी त्यांनी हौद सुरुंगानं उडवून दिले. म्हणजे पानठेले तिथंही होते. पण मोहीम चालत राहिली आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेवरची पट्टी सोडून तो गोचीड त्या देशातून गेला. तेव्हा सोमल वापरला होता, ते आपल्याला नको. पण "सगळी जनावरं, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा" एवढं तर घेता येईल. कोणाचं तट्टू हाकलून त्यांनी गोचीड घालवला नाही, त्याचं तट्टू धुऊन घालवला.

लसीचं काही जण विचारतात. गाईच्या थायलेरियावर लस आहे, आपल्याच देशात बनते. संकरित जनावराला दोन महिन्यांच्या वरच्या वयात देतात, शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गाईला देत नाहीत. ती द्रव नत्रात ठेवावी लागते म्हणून दुकानात ठेवलेली मिळत नाही, दवाखान्याकडे दहा-वीस वासरांची नावं एकदम देऊन मागवावी लागते. आपल्या गावात एकानंही मागवलेली नाही. ठराव याचा घ्या की!

बायाबापड्यांना एक विनंती. गोचीड नखानं चिरडू नका, पोरांना तर करूच देऊ नका. २०११ साली गुजरातेत अहमदाबादकडे काँगो ताप निघाला आणि माणसं मेली. तोही ह्यालोमा गोचिडातूनच माणसात येतो, चाव्यातून किंवा चिरडलेल्या गोचिडाच्या रक्तातून. ढोर आजारी दिसतही नाही. २०२० ला गुजरातच्या शेजारी म्हणून आपल्या पालघर जिल्ह्यात प्रशासनानं सावधगिरीचा इशारा दिला होता. आपल्याकडे तो नाही, तरी सवय चांगली नाही. चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा, रॉकेलच्या नाही तर साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका. रोज दूध काढताना हात फिरवून काढलेत तरी फार फरक पडतो, कारण थायलेरियाचा गोचीड चिकटल्या-चिकटल्या रोग सोडत नाही, त्याला दोन-तीन दिवस लागतात.

तर माझं म्हणणं असं. सरपंचांशी बोललो आहे, ठराव तूर्त थांबला आहे, रद्द झालेला नाही. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता आखरावर सगळी ढोरं आणायची. दवाखान्याचे डॉक्टर येतो म्हणाले. औषध वर्गणीतून, दर ढोरामागं जे पडेल ते. ज्याच्याकडे एकच शेळी आहे त्यानंही आणायची. कुत्री बांधून आणा. घोडीवाला घोडी आणणार आहे. तिला कोणतं औषध मारायचं ते डॉक्टर स्वतः सांगतील, आणि अमिट्राझची बाटली त्या दिवशी आखरावर दिसली तं मी स्वतः फोडीन.

घरून निघण्याआधी ढोरांना पोटभर पाणी पाजा, तहानलेलं ढोर अंग चाटतं. आखरावरून आल्यावर त्याच दिवशी कोठा झाडा, शेण-तणसाचा कचरा लांब नेऊन जाळा, भिंतीच्या फटीत औषध मारा आणि दोन दिवसांनी शेणमातीनं नाही तर सिमेंटानं फटी बुजवून चुना लावा. फटीत जाळ मारायचा असेल तर तणसाच्या ढिगापासून दूर, आणि बादलीभर पाणी जवळ ठेवून. कवेलूच्या कोठ्यात वर फाट्यांपर्यंत जाळ जाऊ देऊ नका, गोचिडापायी घर नको जाळायला. फवारल्यावर ढोरं बोडीत घालू नका. हे औषध मासोळीला फार कडक आहे, बोडीतलं मत्स्यबीज एका दिवसात उलटं होईल आणि मग ढिवर बांधव तुमच्या दारात उभे राहतील, त्यांचं बरोबरही असेल. दुसरा फवारा पंधरा दिवसांनी, पुन्हा सगळ्यांचा.

गाढववाल्यांच्या मुकादमाला फोन केला होता. ते दिवाळीनंतर पाच-सहा दिवसांनी निघतात. भट्टीवर पोचायच्या आदल्या दिवशी नाल्याच्या पलीकडं थांबा, आम्ही पंप घेऊन येतो, असं सांगितलं. तो आधी घाबरला, त्याला वाटलं भांडायला बोलावतो. मग म्हणाला, बावीस गाढवं आहेत, दोन गाभण. गाभणीचं डॉक्टरांना विचारून ठेवतो.

पंप कमी पडतात. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी रविवारी आणावे, नोझल तपासून. तणनाशक मारलेला पंप आणू नका, धुतला असं म्हणाल तरी नको.